कॉन्वी झालं

गाव बघायचं नसतं, करायचं असतं, हे तत्त्व जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळात सर्वमान्य आहे. कुणाचं प्राग होतं, कुणाचं व्हेनिस होतं, आणि ज्याचं काहीच होत नाही तो मिसळीच्या बैठकीत पाव वाढतो. (पाव वाढण्यात कमीपणा नाही, असं न वाढणारे आवर्जून सांगतात.)

दत्ता दोन वर्षं पाव वाढत होता. म्हणून यंदा त्याने कुणाचंच न झालेलं गाव हुडकलं: वेल्सच्या किनाऱ्यावरचं जुनं कॉन्वी. बायको सुरुची आणि लेक मैत्रेयीला घेऊन त्याने ते शिस्तीत केलं. किल्ला बाहेरून केला, कारण आत शिरलं की किल्ला फोटोत मावत नाही. तटबंदी खालून केली. झुलता पूल तर वेळेआधीच झाला. धक्क्यावरच्या लालभडक घरापाशी मात्र रांग होती. ब्रिटनमधलं सर्वांत छोटं घर म्हणे, जेमतेम कपाटाएवढं.

"एर्लांगेनमध्ये हेही भाड्याने जाईल," सुरुची म्हणाली. "वर तिथल्या रिवाजाप्रमाणे म्हणतील, किचन तुमचं तुम्ही आणा. तू थांब रांगेत, आम्ही जरा पाण्याजवळ बसतो."

पुढच्या शनिवारी बैठकीत दत्ताने फोटो दाखवले. चार स्थळं, चारही स्थळांच्या पुढ्यात दत्ता. मंडळाचे अध्यक्ष रमेशराव चष्मा पुसत म्हणाले, "आल्झो, म्हणजे तर मग, तिथे धक्क्यावर पोरं दोरीला आमिष बांधून खेकडे पकडतात म्हणे. ते केलंस?"

दत्ताने नकारार्थी मान हलवली. पावाची टोपली समोरच होती.

"डोख, पापा! आइनं क्राबं!" केलं की, एक खेकडा, असं मैत्रेयी जर्मनमध्ये ओरडली.

"अरे हो, पकडला की हिने!" सुरुची म्हणाली. "नाव ठेवलं दत्ता. एका जागी थांबेचना ना! मग दिला सोडून. काय हसली रे पोरगी! अख्ख्या ट्रिपमध्ये तेवढंच."

दत्ताला एकदम वाईट वाटलं. लेक हसत होती तेव्हा तो रांगेत होता, तिच्याकडे पाठ करून.

"फोटो?" रमेशरावांनी विचारलं.

"हात ओले होते आमचे."

ज्याचा फोटो नाही ते झालेलं नाही, आणि एक राहिलं की अख्खं गाव राहिलं, असा मंडळाचा दंडक आहे. दत्ताने टोपली उचलली.

वाचकांनी त्याला खुशाल हसावं. किल्ला, तट, पूल, घर, वर खेकडासुद्धा. खुर्चीतून न उठता त्यांचं कॉन्वी एवढ्यात झालंसुद्धा. बोला, आता पुढचं कुठलं करायचं?