दुसऱ्यांच्या आयांचे गुडघे

आमच्या सासूबाई डोंबिवलीहून ऑकलंडला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी विद्याधर मोने हातात मेजरिंग टेप घेऊन आमच्या दारात उभा होता. आत आला, वाकून नमस्कार केला, प्रवास कसा झाला वगैरे विचारलं आणि चहा यायच्या आत सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसला.

"काकू, उजवा पाय उचला बघू. अजून. दुखेपर्यंत नाही, दुखायच्या जरासं आधीपर्यंत."

सासूबाईंना वाटलं, हा इथल्या सरकारचा माणूस. व्हिसाचं काहीतरी राहिलं असेल. त्यांनी निमूटपणे पाय उचलला. मोने टेप लावून "एकवीस" असं स्वतःशीच पुटपुटला. मग डावा पाय.

"डावा सतरा. कंडिशनल पास," तो मला म्हणाला. "वहिनी, शनिवारी सकाळची फेरीबोट. काठी मी आणतो. जँडल्स, त्या रबरी चपला, घालून आल्या तर रिजेक्ट."

तो गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मी पास झाले म्हणजे कशात गं?"

मोने टाकानिनीला आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. मी लिहिताना त्याला अरे-तुरे करतेय, समोर मात्र "अहो मोने"च. पुण्यातली नोकरी सोडून दोन हजार अकराला तो इथे आला. तेव्हापासून पेनरोजच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. डब्यांची झाकणं नीट बसतात की नाही हे पाहायचं, हे त्याचं काम. दिवसभर झाकणं पाहून पाहून त्याच्या लेखी जगाचे तीनच भाग उरलेत: पास, कंडिशनल पास आणि रिजेक्ट. माझे पोहे कंडिशनल पास. आमच्या गल्लीतली सगळी नवीन घरं, एकसारखी गॅरेजं आणि काठीला बांधलेली रोपटी यांच्यासकट, रिजेक्ट. स्वतःच्या लग्नाबद्दल विचारलं तर मात्र तो चौथा शब्द वापरतो, "पेंडिंग." त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस हे इतक्या शांतपणे म्हणतो, की पुढे विचारायची सोय राहत नाही.

तर सासूबाई पास झाल्या होत्या त्या रांगीटोटोसाठी. ऑकलंडच्या बंदरातून निघालं की अर्ध्या तासात हे बेट येतं. बेट म्हणजे अख्खा ज्वालामुखीच. वय जेमतेम सहाशे वर्षं. "आमच्या कराडची देवळं याच्यापेक्षा जुनी आहेत," असं मोने प्रत्येकाला सांगतो, जणू त्या बेटाला त्याने अंगाखांद्यावर खेळवलंय. खाली सगळीकडे काळे, खरबरीत, धारदार लाव्हाचे दगड, त्यातूनच उगवलेलं पोहुतुकावाचं जंगल, डिसेंबरात लाल फुलांनी भरलेलं. तासभर चढलं की शेवटी लाकडी पायऱ्या लागतात आणि वर गेल्यावर चहूकडे समुद्र. दुकान नाही, नळ नाही, आणि शेवटची फेरी दुपारीच निघून जाते.

आता अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना कोण नेतं? आम्ही तर आमच्या आईवडिलांना वायहेकी बेटावर नेतो. तिथे पांढऱ्या वाळूचे किनारे आहेत, चित्रांची दालनं आहेत, टेकडीवर मोठमोठी शिल्पं मांडलेली असतात आणि मुख्य म्हणजे कॉफी मिळते. फोटो छान येतात. मोन्याचं त्यावर एकच म्हणणं. "वायहेकी कोणालाही जमतं. त्यात टेस्ट काय झाली?"

इथे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील तुम्ही पाहिले नसतील तर सांगते. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात घरातले सगळे डबे घासून होतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते खिडकीत उभे राहतात. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी मोने टेप घेऊन येतो. त्याने टाकानिनीपासून पुकेकोहेपर्यंतच्या मराठी घरांतल्या आया, सासवा, एक मावशी आणि नाइलाजाने काही वडील रांगीटोटोवर नेले. वडील त्याला फारसे आवडत नाहीत. ते ऐकत नाहीत म्हणतो.

ते खरं असावं. नाशिकच्या एका काकांनी तिथला गुळगुळीत काळा दगड देवघरात ठेवायला म्हणून हळूच खिशात घातला होता. त्या बेटावरून काही उचलायचं नाही, आणि तिथे जातानाही बूट घासून, पिशव्या झटकून जायचं, एवढंसं बी किंवा मुंगीही पलीकडे जाता कामा नये. फेरी धक्क्याला लागली तेव्हा मोन्याला काकांचा खिसा लोंबताना दिसला. "काका, देव इथलाच रहिवासी आहे, त्याला हलवू नका," म्हणत त्याने दगड काढून घेतला आणि तो पाव तासाच्या वाटेवर परत धावत गेला, जिथून उचलला तिथेच ठेवायला. मी विचारलं, धक्क्याजवळच का नाही टाकलात? तर म्हणाला, "वहिनी, त्याची जागा ती होती ना." फेरीवरच्या खलाशाने दोरी सोडता सोडता त्याला हाताला धरून आत ओढलं.

शनिवारी आमची वरात निघाली. ट्रेनने बंदरापर्यंत, मग फेरी. मोन्याच्या पाठीवर जी बॅग होती तिच्यात पाण्याच्या सहा बाटल्या, घडीचं स्टूल, छत्री, थालीपिठं, लिंबू सरबत आणि रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. वाटेत दर दहा मिनिटांनी तो सासूबाईंना स्टुलावर बसवी, नाडी पाही आणि फोनवर काहीतरी टिपून घेई. कुठल्या वळणावर धाप लागली. कुठल्या पायरीला कठड्याला हात गेला. लाव्हाच्या गुहेत डोकं आपटतं का. वर पोचल्यावर सासूबाई समुद्राकडे पाहून "अगं बाई!" एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. मोने मात्र समुद्राकडे पाठ करून त्यांचे गुडघे न्याहाळत होता.

"किती दुखतंय? दहापैकी सांगा."

"अरे, बघू दे की मला!" सासूबाई कडाडल्या.

मग त्याने त्यांचा फोटो काढला आणि लगेच कोणाला तरी पाठवला. परतीच्या फेरीत सासूबाईंनी त्याला पकडलं. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, त्यांच्यापुढे भलेभले बोलते होतात.

"हा फोटो कोणाला पाठवलास?"

"आईला," तो म्हणाला. "कराडला असते. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायची. बाबा गेल्यापासून बोलावतोय, येत नाही. म्हणते, मला तिथे जमायचं नाही, गुडघे गेलेत, तुझ्या गळ्यात लोढणं कशाला? म्हणून मी आधी टेस्ट करून घेतो. प्रत्येक काकूंचा फोटो वय लिहून पाठवतो. तिला लिहितो, बघ, ही बहात्तरची, ही अडुसष्टची, ही वर गेली. पण ती एकदाही हो म्हणाली नाही."

"आणि ती आली, की तू तिला इथेच आणणार?"

"तिला डोंगर काढायला आवडतात," मोने म्हणाला. "जिवंत ज्वालामुखीच्या जातीचा डोंगर तिने बघितला नाहीये कधी."

आम्ही सगळ्यांनी त्याची इतकी वर्षं टिंगल केली होती. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा थोडा रागही आला. एवढंच होतं तर सांगायचं नाही का?

सासूबाई डोंबिवलीला परत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मोन्याच्या आईला फोन लावला. काय बोलल्या ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. "म्हटलं, तुमचा मुलगा तिकडे दुसऱ्यांच्या आयांचे गुडघे मोजत फिरतोय. तुम्ही येत नाही म्हणून आम्ही किती जणींनी परीक्षा द्यायची? पेपर तुमचा आहे, तुम्ही सोडवा."

फोटोंनी जे झालं नव्हतं ते या दमाने झालं. पुढच्या फेब्रुवारीत मालतीबाई मोने आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सडसडीत, नऊवारी नाही आणि ड्रेसही नाही, साधी सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मोन्याने टेप काढली, तेव्हा त्या म्हणाल्या, "विद्या, ती ठेव आत. पाय माझे आहेत."

त्यांना रांगीटोटोवर न्यायच्या आदल्या दिवशी मोने आमच्याकडे आला. चेहरा पार उतरलेला. "वहिनी, उद्या तुम्ही चला. आईला काही झालं तर मला सुधरणार नाही. इतक्या जणींना नेलं, पण आज माझीच झोप उडालीय." मी गेले, आणि आमची सात वर्षांची इराही आली.

वाट अरुंद, म्हणून मोने पुढे, त्याच्या मागे मालतीबाई, मग आम्ही दोघी. मोन्याच्या पाठीवर ती अगडबंब बॅग. दर पन्नास पावलांवर त्याचा आवाज येई, "आई, ठीक?" आणि मागून "ठीक." स्टूल एकदाच उघडलं गेलं, त्यावर मी बसले.

"ममा," इरा कुजबुजली, "आजी इज वे फास्टर दॅन मोने काका."

"मराठीत बोल," मी धापा टाकत म्हणाले.

"आय कान्ट. आय ॲम टायर्ड."

पायऱ्यांवर मोन्याचाच श्वास फुलला. काळजीने फुलला होता. वर पोचल्यावर त्याने बॅग कठड्याला टेकवून ठेवली आणि मालतीबाईंना बाकावर बसवून तो सगळा मुलूख दाखवायला लागला. "ते वायहेकी. ते पलीकडे कोरोमंडल. ती आपली सिटी. आपलं टाकानिनी त्या तिकडे, दिसत नाही पण आहे."  एवढ्या वर्षांचं सगळं काम त्याला आज आईपुढे मांडायचं होतं.

मालतीबाईंनी पिशवीतून चित्रकलेची वही आणि पेन्सिल काढली. "तू तिथे कठड्याशी उभा राहा," त्या म्हणाल्या. "समुद्राकडे बघ. हलू नकोस."

तो आज्ञाधारक मुलासारखा उभा राहिला. आजूबाजूला लोक येत होते, "किया ओरा" म्हणून हसत होते, फोटो काढून जात होते. मालतीबाईंची पेन्सिल थांबत नव्हती. एवढा निळा समुद्र, एवढी बेटं, मला वाटलं, हे सगळं कागदावर कसं मावतं ते आता त्या दाखवतील. पंधरा-वीस मिनिटांनी मी मागून डोकावले.

कागदावर समुद्र नव्हता. बेटंही नव्हती. नुसती एका माणसाची पाठ होती. मानेवर विरळ झालेले केस, घामाने चिकटलेला शर्ट, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली.

"समुद्र नाही काढलात?" मी विचारलं.

"काढेन की. सहा महिने आहे मी." त्या कागदाकडेच पाहत होत्या. "रोज दुपारी जेवायच्या आधी मी फोनवर याचं तोंड बघते, याचे बाबा गेल्यापासून, सात वर्षं झाली. तोंड हसतच असतं. मी मस्त, मी मजेत. पाठ काही फोनवर दिसत नाही गं. आज तासभर त्या पाठीमागून चालले."

मोने वळला. त्याने जवळ येऊन वही हातात घेतली आणि कितीतरी वेळ पाहिली.

"बॅग जड होती आई," तो म्हणाला.

"बॅग केव्हाची खाली ठेवलीयस, विद्या. खांदा अजून तसाच आहे."

मोने आईच्या शेजारी बाकावर बसला, आणि तिने त्याच्या त्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने मोन्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा काढला.

मी इराचा हात धरला आणि तिला ज्वालामुखीचं तोंड दाखवायला पलीकडे घेऊन गेले.