सहा महिन्यांचा नियम

ओहायोतल्या एका सुखवस्तू वस्तीत ऑक्टोबरच्या एका शनिवारी मेलिंडा हचिन्सच्या स्वयंपाकघरातला खण उघडेनासा झाला. आत बटाटे कुस्करायचा मॅशर आडवा पडला होता. तिच्या नवऱ्याने, गार्थने, हात घालून तो सरळ केला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण तो बापडा उठेपर्यंत मेलिंडाने तज्ज्ञ बोलावली होती.

कर्स्टन ही प्रमाणित पसारा-निवारक होती. हल्ली स्वतःचे डबे लावायलाही प्रमाणपत्रवाली बाई लागते. तिने कपाटे उघडून एक सुस्कारा सोडला आणि निकष जाहीर केला: सहा महिन्यांत जे वापरले नाही, त्याची घराला गरज नाही.

"हे टर्की भाजायचं भांडं आईनं दिलंय," गार्थ म्हणाला.

"शेवटचं कधी वापरलंत?"

"मागच्या थँक्सगिव्हिंगला."

"म्हणजे जवळजवळ वर्षभर हे फुकट जागा अडवून बसलंय."

"अहो, सण वर्षातून एकदाच येतो!"

"तो सणाचा दोष झाला," कर्स्टन समजुतीने म्हणाली.

भांडे गेले. पाहुण्यांची ताटे गेली, टेबल लांब करायच्या फळ्याही गेल्या. उरली दोन ताटे, दोन कप आणि पांढऱ्या वाडग्यात एक लिंबू. ते चिरायचे नव्हते. ते मांडणीचे होते. कपाटांतल्या मोकळ्या फळ्या ओक्याबोक्या दिसू लागल्या, म्हणून कर्स्टनने काचेच्या रिकाम्या बरण्या आणवल्या. टाकलेल्या सामानापेक्षा त्या जास्त भरल्या.

नोव्हेंबरात गार्थच्या आईचा, नॉर्माबाईंचा, फोन आला. "येते रे गुरुवारी थँक्सगिव्हिंगला. भोपळ्याची गोड पाई करून ठेवलीय."

"ताटं दोनच आहेत," मेलिंडा म्हणाली.

"कागदी आणतो ना."

"आणि ती ठेवायची कुठे? तुझ्या डोक्यावर?"

कर्स्टनचा सल्ला घेण्यात आला. ताटे वाढवणे तत्त्वात बसत नाही, जेवणारे कमी करता येतात, असे तिचे मत पडले. गार्थची बहीण जॉइस नाताळानंतर आलेली नव्हती. ती बाद झाली. डेलबर्टकाका तर लग्नकार्यापुरतेच उगवायचे.

"आणि आई? सहा महिन्यांत किती वेळा भेटलात?"

गार्थने बोटांवर महिने मोजले. आई चार तासांवर राहत होती आणि तो एकदाही गेला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटणे आणि तोंड उघडणे यांत फार अंतर असते, आणि ते अंतर त्याने कापले नाही. त्याने फोन लावला.

"आई, यंदा जरा साधंच करतोय."

"साधंच बरं रे. अजून काय आणू?"

"काही नको. म्हणजे... आई, यंदा तू नको येऊस."



"बरं. पाई फ्रीजरमध्ये ठेवते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे जागा झाली की सांग."

गुरुवारी, आभार मानायच्या त्या सणाला, नवराबायकोने ओट्याशी उभ्याउभ्या सँडविच खाल्ले, कारण ताटे फोटोसाठी मांडलेली होती. लखलखीत ओट्याचा तो फोटो मेलिंडाने कर्स्टनचे आभार मानत ‘कृतज्ञ’ असे लिहून सोशल मीडियावर टाकला. त्याखाली लाल बदामांचा पाऊस पडला. त्यातला एक बदाम तुमचा होता. आणि तुम्ही खाली विचारलेही होते, "किती छान! त्या बाईंचा नंबर मिळेल का?"