नमुना क्रमांक तीनवरचे दात

माणसाला दात येतात ते कुणाचीही परवानगी न घेता. निसर्गाची ही गंभीर त्रुटी दूर करायला शाळेवर समिती नेमलीत ती तुम्ही, साहेब. तेव्हा नमुना क्रमांक तीनचं जे झालं, त्याला जबाबदारही तुम्हीच.

प्रकरण एवढंसं. कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवणाऱ्या एका बाईची सात वर्षांची मुलगी. तिला सतत काहीतरी चावायला लागतं. चावायला मिळालं की पोरगी शांत बसते, ऐकते, बेरजा करते. नाही मिळालं तर गणवेशाची कॉलर खाते. आईने एका सत्रात अकरा कॉलरी बदलल्या. (बारावी बदलण्याइतकी उरलीच नाही.) शेवटी थेरपिस्टबाईंनी गळ्यात घालून चघळायचा रबरी लोलक सुचवला. निळा मासा, उकळून धुता येणारा. तो दातांत धरून मुलगी पहिल्यांदाच अख्खा तास बाकावर बसली.

शाळेने दुसऱ्याच दिवशी तो काढून घेतला, हे उत्तमच झालं. गळ्यात आहे म्हणजे दागिना. तोंडात आहे म्हणजे खाऊ. मासा आहे म्हणजे खेळणं. वर्गात तिन्हींना बंदी. निर्णय होईपर्यंत मुलीने व्हरांड्यात बसावं, असं ठरलं.

आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून कार्यालयात गेली.

"ताई, नमुने तीन लागतील," कारकून तोंडातली पेन्सिल न काढता म्हणाला.

"अहो, मुलगी एकच आहे माझी."

"सदस्य तीन आहेत ना!"

आईने तीन नवे कोरे मासे जमा केले. सहा आठवड्यांत समितीच्या नऊ बैठका झाल्या. (त्याआधी वर्षात एक, तीही भांडणाने मोडलेली.) हजेरी शंभर टक्के. आवाज चढल्याच्या घटना शून्य. बिस्किटांचा पुडा न फोडता परत. इतिवृत्तात नोंद आहे : 'विषयाचे सखोल चर्वण झाले.' निर्णयही स्वच्छ : वस्तू अत्यंत शांतिदायक आहे, मात्र अर्जदाराच्या पाल्याने ती आधीच चघळलेली असल्याने नामंजूर.

नमुना क्रमांक तीन परत मिळाला. आईने तो खिडकीशी धरला. मुलीचे वरचे पुढचे दोन दात केव्हाच पडलेत. तिच्या चाव्यात मधोमध काजाएवढी फट असते. अकरा कॉलरींवर पाहिलेली. या माशावर मात्र दातांची सलग शिलाई होती, एकही टाका न सुटलेली. शेपटीवर तर कवळीचा अख्खा साचा.

"हे माझ्या पोरीचे दात नाहीत," ती म्हणाली. "आणि बाकीचे दोन कुठायत?"

"दप्तरी जमा," अध्यक्ष म्हणाले. दप्तर त्यांच्या डाव्या गालात असावं, असं बोलण्यावरून वाटलं.

मुलगी अजून व्हरांड्यातच आहे. तेरावी कॉलर सुरू झालीय.

तेव्हा साहेब, लेखी कळवा : हे दात कुणाचे? आणि तू रे, हसत हसत वाचणाऱ्या? तोंडातलं पेनाचं टोपण आधी काढ, आणि तुला आजवर कुणी व्हरांड्यात का बसवलं नाही, तेवढं सांग.