रागाविना सात दिवस

दाराला एक काळी पाटी लावायची, एवढंच मी ठरवलं होतं.

कारखान्याच्या गेटवर तसा फलक आहे. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले, तो आकडा त्यावर रोज एकाने वाढतो आणि कुणाचं बोट जरी चेचलं तरी शून्यावर येतो. मी पिपलानीतल्या कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरला तसाच फलक लावला. 'रस्त्यावर भांडण न होता गेलेले दिवस' असं खडूने लिहिलं आणि खाली शून्य काढलं. (आठवी नापास माणसाचं अक्षर म्हणून सोडून द्या. शून्य मात्र झकास आलं होतं.)

कारण स्कूटर. स्कूटर माझ्या दादाची, विलासदादाची. चार महिन्यांपूर्वी काविळीने दादा गेला. त्याच्या जागी कमलिनी वहिनीला कारखान्यात नोकरी लागली, ती बसने जायला लागली आणि स्कूटर माझ्या हाती आली. मी आनंद नगरातल्या टेंट हाऊसमध्ये, मंडप-खुर्च्या भाड्याने देतात तिथे, कामाला. तिथे जाता-येता मी रोज एकाशी तरी भांडायचो. दादा जन्मभर डाव्या बाजूने, तीसच्या वेगाने चालवत राहिला, वळताना हात दाखवत राहिला, तरी देवाने त्यालाच उचललं. आणि हे उजवीकडून घुसणारे, पान थुंकत हॉर्न वाजवणारे, ठणठणीत? मला ते सहनच होत नव्हतं. मी गाडी आडवी घालून त्यांना खाली उतरवायचो. एकदा एका दूधवाल्याशी भांडता भांडता रडलो. तो बिचारा घाबरून पाव लिटर दूध देऊन गेला.

वहिनीला हे कळलं. (दूध कुठून आलं ते सांगावं लागलं.) तिने स्कूटर विकायचं ठरवलं. शेजारच्या लायनीतला अशोक दिवाळीला ती घेऊन जाणार होता. मी खूप आरडाओरडा केला. ती शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "भाऊजी, एक माणूस दवाखान्यातून परत आला नाही. दुसऱ्याची वाट मी रस्त्याकडे बघत नाही पाहणार."

मग मीच अट घातली. दिवाळीच्या आत सलग सात दिवस भांडण नाही. आठव्या दिवशी वहिनी मागे बसेल, मी तिला गेटवर सोडेन. ती न घाबरता उतरली तर स्कूटर घरात राहील.

पाटी लागली आणि माझी शांती गेली. सकाळी सातला लोक दात घासत फाटकाशी उभे राहायचे आणि आकडा वाचायचे. भाजीवाल्या बाईने सोमवारी विचारलं, "क्यों काशी भैया, आज भी अंडा?" दोनचे तीन झाले की लायनीत बातमी पसरायची. समोरच्या दत्तात्रयकाकांनी तर पाटी ताब्यातच घेतली. ते कारखान्याच्या सुरक्षा विभागात आहेत आणि रविवारीही हेल्मेट घालूनच अंगण झाडतात. चौथ्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं, की एका बसवाल्याला मी तोंडाने काही बोललो नाही, फक्त मनातल्या मनात त्याच्या खानदानापर्यंत जाऊन आलो. काकांनी विचार केला. आमच्याकडे याला थोडक्यात टळलेला अपघात म्हणतात, म्हणाले, आणि फडक्याने चार पुसून शून्य काढलं. त्यांचं शून्य माझ्याइतकं चांगलं नव्हतं.

असं तीनदा झालं. दिवाळी नऊ दिवसांवर आली. रात्री झोप नाही, दिवसा हात शिवशिवतात. शेवटी काकांनी एक उपाय सांगितला. समोरचा आडवा आला की त्याच्या बाजूने एक कारण शोधायचं. त्याची बायको अडली असेल. त्याचं दूध उतू जात असेल.

मला ते कारण शोधावं लागलं नाही. दादाला दवाखान्यात नेलं त्या दुपारी मीही उजवीकडून घुसलो होतो. चार गाड्या करकचून थांबल्या, लोक शिव्या देत होते. दादा माझ्या पाठीला टेकून बसला होता, त्याचं अंग तापलेलं. त्या लोकांना काय माहीत मागे कोण आहे ते. त्यानंतर मला प्रत्येक घुसखोराच्या मागच्या सीटवर कुणीतरी टेकून बसलेलं दिसायला लागलं. सहज सात दिवस झाले. सातव्या दिवशी काकांनी आकडा रंगीत खडूने काढला.

आठव्या सकाळी वहिनी मागे बसली. पावणेआठचा भोंगा झाला होता, आठला गेट बंद. सगळ्या टाउनशिपच्या स्कूटरी एकदम रस्त्यावर आल्या होत्या. आणि मी चौकात थांबून प्रत्येकाला वाट देत होतो. एक बस गेली. चार सायकली गेल्या. एक म्हैस गेली. (तिला घाई नव्हती, पण मी कोण ठरवणार?)

"भाऊजी, चला ना," वहिनी म्हणाली.

"वहिनी, त्याच्या घरी काही असेल."

"माझ्या घरी काय आहे, ते माहितीये ना?"

मी निघणार एवढ्यात एक टेम्पोवाला चुकीच्या बाजूने येऊन नाकासमोर थांबला आणि सवाऱ्या, म्हणजे इकडच्या भाषेत प्रवासी, बोलवायला लागला. मी हात जोडून हसलो. सात वाजून त्रेपन्न मिनिटं.

चार महिन्यांत वहिनीचा आवाज स्वयंपाकघराबाहेर ऐकू आला नव्हता. ती उतरली, टेम्पोपाशी गेली आणि म्हणाली, "सड़क तुम्हारे ससुर ने दहेज में दी है क्या? हटाओ." टेम्पो हलला. टेम्पोमागे अडकलेली दुसरी एक म्हैससुद्धा हलली. मग ती माझ्याकडे वळली.

"उतरा."

मी उतरलो. तिने पदर खोचला आणि एका किकमध्ये स्कूटर चालू केली. (मला अकरा लागतात, शिवाय आडवी करावी लागते.) मी गुपचूप मागे बसलो. ती भर गर्दीतून डाव्या बाजूने, बरोबर हात दाखवत, सुसाट निघाली.

मी कानाशी ओरडून विचारलं, कुणी शिकवलं?

"ह्यांनी. दसरा मैदानावर. तुम्ही कामावर गेलात की."

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, काशीला कळलं तर तो शिकवायला येईल."

वहिनीच्या खांद्यांना जरा हिसके बसत होते; हसत होती की रडत होती, मागून कळेना. दोन मिनिटं राखून आम्ही गेटवर पोहोचलो. तिने पुढे बघतच सांगितलं की अशोकला नाही म्हणून कळवा, स्कूटर मला रोज लागेल.

तेवढ्यात शिपायाने हात आडवा घातला. वहिनीचा पास बघितला आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "और ये कौन हैं?"

मी छाती पुढे काढली. पण वहिनीने आधीच गिअर टाकला होता.

"सवारी है," ती म्हणाली. "यहीं उतरेगी."