पायाळूची पाठ

शालिग्रामकाकांच्या डाव्या पायाला आमच्या मोताळ्यात जो मान आहे, तो गावातल्या भल्याभल्यांच्या डोक्यालाही नाही. उजव्या पायाने काका चिखल तुडवतील, शेणातून जातील, अडकलेल्या दाराला लाथही घालतील. डावा पाय मात्र ऐन मे महिन्यातसुद्धा मोज्यात. रात्री त्याला खोबरेल तेल, सकाळी कोमट पाणी. वाटेत दगड-काटा आला तर तो उजव्याने सोसायचा, असा त्यांच्या घरचा कायदाच आहे.

कारण काका पायाळू. जन्माला येताना डोक्याआधी पाय आले, आणि त्यातही डावा. वाकताना पाठीत एकदम कळ येऊन माणूस जागच्या जागी अडकतो, त्याला उसण भरली म्हणतात. आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की ती उतरते, असं आमच्याकडे मानतात. खरं-खोटं देव जाणे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला यावर हसायचा अधिकार आहे. पण मी त्यांच्या शेजारी राहते, त्यामुळे हसायची सोय नाही.

काकांचा धंदा भाजीचा. गावाबाहेर मेथी, वांगी, शेवगा. गुरुवारी असो की सोमवारी, कुठल्याही गावचा बाजार त्यांना चालतो. पण सकाळचा पहिला प्रहर पायाचा. ओट्यावर चटई अंथरलेली. दोन-चार माणसं कमरेवर हात ठेवून, तोंडं वाकडी करून बसलेली. एकेकाने पालथं पडायचं. काका मोजा काढणार, भिंतीला हात टेकणार आणि टाच अशी अलगद लावणार की पालथ्या माणसाला कळायचंही नाही.

"लावा ना काका, काऊन थांबले?" बाजार समितीतला हमाल किसन एकदा खालून ओरडला.

"लावला न् उचललाबी बे! आस्ते असते हे काम. पाठ हाय ते, मिरच्या कुटून नाही राह्यलो मी."

पैसे घ्यायचे नाहीत. घेतले तर पायाचा गुण जातो. उलट जाताना पेशंटच्या हातात मेथीची जुडी. आभाळात गुरगुरलं की मात्र दवाखाना बंद, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. मग उसणवाल्यांनी आभाळ निवळेपर्यंत आपापल्या घरी वाकूनच राहायचं.

काका माणसाचं तोंड बघत नाहीत, पाठ बघतात. आमचे मुख्याध्यापक रस्त्याने जात होते तेव्हा काका मला म्हणाले, "मॅडम, ह्या मानसाचं घरी कोनी आयकत नाही. खांदे पाहा." मुख्याध्यापकांच्या घरी मी गेलेली आहे. काकांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं तिथे मला काही दिसलं नव्हतं.

माझीही पाठ अधूनमधून त्या चटईवर पडून आली. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, घरी येऊन वह्यांवर वाकायचं, वर स्कूटीवरून आमचे रस्ते. काकांच्या टाचेने दिवसभर बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी दुखणं पुन्हा हजर. शेवटी कोणीतरी सांगितलं, बुलडाण्याला एक मणक्याची डॉक्टरीण आली आहे, बघून या. पाटीवर 'कायरोप्रॅक्टिक' असं लिहिलेलं, जे गावात कोणालाच म्हणता येत नाही. मोबाईलवर मी असले व्हिडिओ पाहिले होते. माणसाची मान धरून कडाड्कन वळवतात. त्यामुळे राजूरचा घाट चढताना मनातल्या मनात मी घरच्यांचा निरोप घेतला होता.

दवाखान्यात बाकड्यावर एक माणूस बसला होता. बाहेर ऊन रणरणतंय आणि याच्या डोक्याला, कानाला, तोंडाला मफलर. नुसते डोळे उघडे. मी शेजारी बसले तसे तेही त्याने मिटून घेतले. माझी नजर खाली गेली. उजवा पाय उघडा, डाव्यात मोजा.

"काका?"

"भाजीचे भाव पाह्याले आलतो," मफलर म्हणाला.

"दवाखान्यात?"

मफलर हळूहळू खाली आला. शरमेने लाल झालेलं असं तोंड मी नापास झालेल्या पोरांचंही पाहिलेलं नाही. "मॅडम, तुमाले हात जोडतो. गावात बोलू नका. पायाळूच्याच पाठीत उसण हाय म्हनून लोकाले कळलं, तं माह्या ओट्यावर कुत्रं येनार नाही."

मग सगळं बाहेर आलं. वर्षानुवर्षं उकिडवं बसून निंदण-खुरपण करून काकांची पाठ कधीचीच गेली होती. जगाला पाय लावणाऱ्याला लावणार कोण? एकदा गोठ्यात कोणी नाही असं बघून त्यांनी स्वतःचाच पाय स्वतःच्या पाठीला पोचवायचा प्रयत्न केला. "अर्धा रस्ता पोचलोबी. मंग उलटा गव्हानीत पडलो. म्हैस तं असं पाहून राह्यली माह्याकडं!" मग ऐकलं की जळगाव जामोदकडे एक पायाळू आहे. एसटीने तिथे गेले. "त्यानं लाथ मारली मॅडम! पाय लावनं काय, लाथ मारनं काय, याच्यात काही फरक हाय का नाही? मी त्याले शिकवूनच आलो."

डॉक्टरीण मूळची मेहकरची, पोरगेलीशीच. आधी चालायला लावलं, वाकायला लावलं, किती तरी प्रश्न विचारले. मग पालथं झोपवून पाठीवर नुसता तळवा ठेवला, बोटांनी एकेक मणका चाचपला आणि पिकलेलं सीताफळ दाबून बघावं इतक्या बेताने दाब दिला. कडाड नाही, काही नाही. मी पडल्या पडल्या वाट बघत होते की खरं काम कधी सुरू होतंय, आणि ती म्हणाली, "उठा, झालं." वर घरी करायचे साधे व्यायाम.

पाठ काही एका दिवसात बरी झाली नाही. पण हळूहळू मला फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिता यायला लागली. रात्री कूस बदलताना जाग येईना. संध्याकाळी पाठीमुळे घरच्यांवर निघणारा राग कमी झाला, असं घरचेच म्हणाले. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

मी नुसती आभार मानून मोकळी व्हायची. काकांचं तसं नव्हतं. डॉक्टरीण दर खेपेला विचारायची, "काय फरक वाटतो?" आणि एवढी संधी काकांना पुरेशी असायची.

"मोजा सोताच्या हातानं घालतो आता. शेवग्याचा शेंडा दिसते, आंधी बुडखाच दिसे. शिंक आली तं भेव नाही वाटत. नींद तं अशी का कोंबडाच मले पाहून दमला. आयकूबी जास्त येऊन राह्यलं. आन म्हैस, डॉक्टरबाई, म्हैस दूध जास्त देते!"

"काका," ती शांतपणे म्हणायची, "मोजा, शेवगा आणि झोप माझ्याकडे लिहिते. शिंकेचंही चालेल. कानाचं श्रेय मी घेणार नाही. आणि म्हशीला मी पाहिलेलंच नाही."

"अवो, बसून दोहतो ना मी! माही पाठ ठनकत नाही तं हात आस्ते चालते. म्हशीले समजते ते."

डॉक्टरणीने थोडा विचार केला आणि म्हशीचा निम्मा भाग मान्य केला. काकांना ती पटली होती ती तिच्या हातामुळे. "ह्या पोरीले जोर माईत हाय, पन ते लावत नाही," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी पदवी मी ऐकलेली नाही.

असं आमचं चोरून चाललं होतं. मोताळ्याच्या स्टँडवरून दोघं एकाच बसने जायचो, पण बस घाटाला लागेपर्यंत ओळख दाखवायची नाही, असं ठरलं होतं.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका रविवारी कमलाबाई ओट्यावर आली. रोजाने वेचणीला जाणारी बाई. पोरगा तिला धरून आणत होता. किसन आणि आणखी चार जण बसलेले होते. त्यांनी तिला आधी जागा दिली. ती चटईवर पालथी पडली. काकांनी मोजा काढला, भिंतीला हात टेकला, पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"कमले, हा पाय फरफटत काऊन आनला वो तू?"

"मुंग्या येऊन राह्यल्या काका. काल संध्याकाळपासून पाऊल बधिर पडलं. लावा ना तुमी पाय."

काकांनी पाय खाली ठेवला. "मी नाही लावत."

ओट्यावर गडबड उडाली. "काऊन काका?" किसन म्हणाला. कमलाबाई तर रडायलाच लागली, माझं काय चुकलं म्हणून.

"हे उसन नाही. बुलडान्याले डॉक्टरबाई हाय, तिले दाखवा. आजच."

"नाही माय!" कमलाबाई म्हणाली. "ते मानसाचे मनके तोडतेत म्हन्तेत. मले नाही जायाचं."

मी माझ्या दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार इतक्यात ते स्वतःच बोलले, आणि त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"तोडत नाही. मी सोता जातो तिथं. माह्या पाठीत लय वर्षाचं दुखनं हाय. माह्या पायानं ते गेलं नाही. तिच्या हातानं गेलं."

किसन चटईकडे बघत बसला. काकांनी मोजा चढवला, कमलाबाईला उठवलं आणि तिच्या पोराला म्हणाले, "चाल, बस भेटते."

रविवार म्हणून मीही गेले. डॉक्टरणीने कमलाबाईला तपासलं आणि तिच्या पाठीला दाब म्हणून दिला नाही. "हे माझ्या हातातलं काम नाही," ती म्हणाली, मोठ्या दवाखान्यात स्वतः फोन केला आणि मायलेकांना तडक तिकडे धाडलं. नस दबली होती. वेळेवर आणलं, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं पोराने संध्याकाळी कळवलं. आज कमलाबाई हिंडते-फिरते आहे.

परतीच्या बसमध्ये काका पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. घाट उतरेपर्यंत मोज्याची कड सारखी करत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्यापासून ओटा सुना मॅडम."

"असं कसं?"

"तसंच. तुमची काकू गेली, पोरं पुन्याले. सकाळी दार उघडलं का कोनीतरी 'काका' म्हनते. तेवढ्यासाठी तं हा पाय जपला म्या. नाहीतं पायात काय हाय? पायासारखा पाय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या पोरीनं पयल्या दिवशी पाठीवर हात ठेवला न् इचारलं, 'काका, इथं दुखतं का?' एवढ्या पाठीले पाय लावला म्या, पन मले असं कोनं इचारलंच नव्हतं."

मी त्यांच्याच शेजारी राहते. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरता भरता खिडकीतून बघत होते. काकांनी ओटा झाडला. चटई आणली, बघितली आणि पुन्हा आत ठेवून आले. मग भिंतीला टेकून बसले. रस्त्याने माणसं जात होती.

तेवढ्यात किसन आला. त्याच्या मागे आणखी तिघं-चौघं, नेहमीचेच. कोणी कमरेवर हात ठेवला नव्हता, कोणी पालथं पडलं नाही. सगळे काकांच्या दोन्ही अंगांना ओट्याच्या कडेवर बसले. थोडा वेळ पाय हलवत किसन म्हणाला,

"काका, तुमची पाठ कशी हाय आता?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता शेवग्यापासून म्हशीपर्यंत सगळं निघणार. ते भिंतीला हात टेकून उठले. मग म्हणाले, "बसा. च्या मांडतो," आणि घाईने आत गेले.

चहाला इतका वेळ लागत नाही, हे ओट्यावरच्या सगळ्यांनाच कळत होतं. पण कोणी हाक मारली नाही, आणि कोणी उठलंही नाही.