रहांगडालेकाका आणि उभा पाईप

रहांगडालेकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी खिडक्या बघतात. मग खिशातून उदबत्ती काढून पेटवतात, दाराच्या फटीशी धरतात आणि धूर कुठे जातो ते बघत उभे राहतात. नवख्या माणसाला वाटतं, पूजा सांगायला कुणी आलं. एका घरी तर त्यांच्यापुढे दक्षिणाही ठेवली होती. काका म्हणाले, "पैसे ठेवा तुमच्यापाशी. पहिले तो झरोका उघडा."

ते मूळचे चिचगडकडचे. नोकरी संपल्यावर गोंदियात आले आणि आमच्या शेजारी भाड्याने एकटेच राहतात. थंडीत सारी गल्ली शेकोटीभोवती बसते, तेव्हा यांच्या खिडक्या सताड उघड्या. घरात शेकायला शेगडी नाही, निखाऱ्यांची मातीची गोरसी नाही. चहाला गेलं तर कप दोन्ही हातांत धरून बसायचं, तेवढीच काय ती ऊब.

"दिसते तो धूर बिचारा चांगला, गुरुजी," ते मला, म्हणजे रिटायर मास्तराला, सांगतात. "खोकलवते, उठवते. दिसत नाही तो उठवत नाही." हे वाक्य त्यांनी एका लग्नाच्या पंगतीतही ऐकवलं होतं. शेजारचा पाहुणा जिलेबी तशीच टाकून उठला.

मी मुळातच भित्रा. विजेचं बटण लाकडी पट्टीने दाबतो. माझी भीती मला पुरून उरत होती, त्यात शेजाऱ्याची भर कशाला? म्हणून काका आले की मला धडकीच भरायची.

यंदा माझी मुलगी सीमा बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली आणि मायलेकींची सोय खालच्या खोलीत केली. ही खोली आम्ही तळघर म्हणून बांधलेली नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि तिचं आपोआप तळघर झालं. तिथे वारा लागत नाही, म्हणून बायकोला ती पसंत. आपल्याकडे बाळंतिणीला शेक हवा आणि वारा नको, त्यामुळे जी फट दिसेल तिच्यात जुनं लुगडं कोंबायचं. जावई राईस मिलवर कामाला. त्यांनी हौसेने भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी शेगडी आणून बसवली. आतला विजेचा पंखा धूर ढकलतो आणि खिडकीतून काढलेल्या आडव्या पाईपातून तो बाहेर जातो.

काकांनी ते बघितलं आणि मटकन पायरीवर बसले.

"आडवा काऊन घातला जी पाईप?"

"पंखा आहे ना," मी म्हणालो.

"आन् लाईट गेली तं? मंग धुराले ढकलते कोण? पाईप उभा पायजे, छपराच्या वर. मंग धूर आपल्याच मनानं वर जाते. आन् हे लुगडं काढा. आगीलेबी दम लागते."

बायको तडकली. "एवढुसं लेकरू हाये, आन् खिडकी उघडू? तुमाले बाळंतपणातलं काय समजते, काका?"

एरवी कुणाचं ऐकून न घेणारे काका पायरीवरून उठून निघून गेले.

माझी झोप मात्र उडाली. मी सारखा खाली जाऊन नातीच्या नाकाशी बोट धरायचो. पाईप बदलू म्हटलं की बायको म्हणायची, "जावयाले काय वाटंल?" आता काय सांगावं! जावयाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही नातीचा जीव टांगणीला लावून बसलो होतो.

एका दुपारी लाईट गेली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. खालचा पंखा थांबला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काका अनवाणी धावत आले आणि मला ओलांडून सरळ खाली गेले. मी त्यांच्या मागे. धूर म्हणावा असा नव्हताच, नुसता करपट वास होता. सीमा भिंतीला टेकून बसली होती. "बाबा, डोकं लय दुखून राहिलं. गरगरते." काका ओरडले, "धरा तिले, गुरुजी!" त्यांनी बाळ उचललं, मी सीमाला कसंबसं वर आणलं.

अंगणात उन्हात बाळ रडेना. काकांनी तळपायाला टिचकी मारली, पुन्हा मारली. मी डोळे मिटून घेतले. मग एकदाची ती रडली, आणि माझ्या जिवात जीव आला. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. वेळेवर बाहेर काढलंत, असं डॉक्टर म्हणाले.

दोघी घरी येण्याआधी जावयांनी स्वतःच पाईप उभा करून छपराच्या वर नेला. लुगडं बायकोने ओढून काढलं. काकांनी येऊन सगळं तपासलं. "आता बराबर हाये," म्हणाले, पण जाईनात. पाळण्याशीच उभे राहिले.

बायकोने हळूच विचारलं, "तुमाले कसं समजलं, काका?"

"आमचीबी खोली अशीच होती, चिचगडले," ते पाळण्याकडे बघत म्हणाले. "बायकोले थंडी वाजून राहिली होती. पोरगं पोटाशी होतं. मीच म्हटलं, खिडकी लावतो. गोरसी आत ठेवली, न् मी बाहेर ओसरीत निजलो. सकाळी दोघंबी उठले नाही."

त्यांनी पाळण्याला हलकेच झोका दिला.

"तवापासून शेकलो नाही जी."

बायकोने डोळे पुसले आणि शेगडीजवळ खुर्ची सरकवली. काका बसले. बराच वेळ हात मांडीवरच होते, मग हळूहळू पुढे आले. थोड्या वेळाने त्यांची मान कलली.

बायकोने मला जेवायला हाक मारली. मी तिला हातानेच थांबवलं. सीमा झोपली होती, नात झोपली होती आणि काकाही झोपले होते. मी खिडकीपाशी जागत बसून राहिलो.