‘वाणिज्य-विमर्श’ला वाचक मिळतो

‘रायगड वाणिज्य-विमर्श’ या त्रैमासिक संशोधनपत्रिकेच्या संपादकपदाची सूत्रे डॉ. हेमांगी कर्णिक यांनी मावळते संपादक श्री. गोपाळकृष्ण टिपणीस यांच्याकडून, मंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांच्या उपस्थितीत, रोहा येथे दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी विधिवत स्वीकारली. समारंभ आटोपशीर झाला. टिपणीस सरांनी बाईंना शाल, श्रीफळ, कपाटाची किल्ली आणि एक मोबाइल नंबर दिला. नंबर पेणच्या रामवाडीतल्या कोणा दाजींचा होता.

“हा माणूस सांभाळा,” सर गहिवरून म्हणाले. “बाकी पत्रिका आपोआप चालते.”

आभार मी मानले. मंडळावर मी पहिल्या अंकापासून आहे आणि एकही अंक उघडून पाहिल्याचा आरोप माझ्यावर कोणी करू शकणार नाही.

आमची पत्रिका का निघते, हे बाहेरच्या लोकांना चटकन समजत नाही. महाविद्यालयातल्या शिक्षकाला बढतीसाठी लेख छापून यावा लागतो. लेख छापायला पत्रिका लागते. पत्रिका भरायला लेख लागतात. या व्यवहारात वाचकाला कुठे जागाच नाही, आणि त्याने ती कधी मागितलीही नव्हती. लेखांचे परीक्षण मात्र आम्ही अत्यंत गुप्तपणे करत असू. लेखकाचे नाव परीक्षकाला कळत नसे, परीक्षकाचे लेखकाला कळत नसे, आणि लेखात काय आहे हे दोघांनाही कळत नसे. तरीसुद्धा ‘सतरा देशांत प्रसार’ असे मुखपृष्ठावर छापलेले असायचे आणि दर्जा समितीने त्याबद्दल आम्हाला ‘अ’ श्रेणी दिली होती. सतरा देश कुठून आले, हे टिपणीस सरांना कोणी विचारले नाही. चांगल्या बातमीची चौकशी करू नये, एवढे सौजन्य आमच्या मंडळात होते.

माझ्यापुरते सांगायचे तर मला फक्त एक लेख हवा होता. सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक व्हायला तेवढाच कमी पडत होता. मुलाखत उन्हाळ्यात होती. वरसेच्या आमच्या घराच्या पाटीवर ‘प्रा. फणसे’ असे पहिल्या दिवसापासून आहे. तसे आम्ही सगळेच नावापुढे ‘प्रा.’ लावतो, पण निवृत्त होण्यापूर्वी ते एकदा खरे व्हावे अशी माझी फार इच्छा होती. ‘पेण तालुक्यातील ग्रामीण ग्राहकांचे क्रयवर्तन’ हा माझा लेख टिपणीस सरांच्या शेवटच्या अंकात येऊन गेला होता. तोच मी पेणच्या जागी रोहा घालून नव्या संपादकांकडे दिला. संशोधन पुढे न्यायचे म्हणजे आणखी काय करायचे असते?

आठवड्याभरात बाईंनी मला बोलावले.

“फणसे सर, तुमचा लेख वाचला.”

मी हसलो. नवी माणसे सुरुवातीला अशी गंमत करतात.

“खरंच वाचला. शेवटपर्यंत.”

मला दरदरून घाम फुटला. “कुणाला विचारून?”

“मी संपादक आहे, सर.”

“टिपणीस सरही संपादकच होते, बाई. इतकी वर्षं अंक काढले त्यांनी. कधी असं कुणाच्या लेखात डोकावले नाहीत.”

“चौथ्या पानावर पोपटी आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चक्क मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘ग्राहकाची मानसिकता लक्षात घेता मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरावा. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ व ओवा घालून मधोमध अंडी ठेवावीत.’ हे काय आहे?”

काय होते ते मला लगेच आठवले. थंडीत आमच्याकडे शेतावर जाळात मडके ठेवून पोपटी लावतात. पुण्याच्या भाच्याला ती कशी लावायची ते हवे होते, म्हणून मी लिहून ठेवले होते, आणि ते या फाइलीत कधी चिकटले ते माझे मलाच कळले नव्हते. पण चूक कबूल करायची सवय आमच्या क्षेत्रात नाही.

“तो गुणात्मक भाग आहे,” मी म्हणालो.

“मागच्या अंकातल्या लेखातही तो आहे.”

“म्हणजे दोन्ही तालुक्यांत निष्कर्ष सारखाच आला.”

बाईंनी लेख मिटला. “सर, मिठागरांच्या व्यापाऱ्यांवर मी सहा वर्षं काम केलं. ते आपल्याच पत्रिकेत छापून आलं. मला वाटायचं, कुणीतरी एक जण येईल आणि भांडेल माझ्याशी. हे चुकलंय म्हणेल. कुणीच आलं नाही हो. मला एक वाचक हवाय. फक्त एक.”

मला वाईट वाटले. चांगल्या घरातली, शिकलेली बाई, आणि या वयात असले भलते वेड.

बाईंनी आलेले सगळे लेख वाचले आणि बहुतेक परत पाठवले. मंडळात हाहाकार उडाला. एका सदस्याने हा खासगी आयुष्यावरचा घाला असल्याचे लेखी कळवले. दुसऱ्यांनी, आपण लेख छापायला दिला होता, वाचायला नव्हे, असा मुद्दा काढला. अंक निघाला तेव्हा तो लग्नपत्रिकेएवढा होता आणि त्यात मी नव्हतो.

चार दिवसांनी दाजींचा फोन आला. “मॅडम, यंदा तुमचा माल लय हलका हाय. आसा कसा चालंल?”

बाईंना काही उलगडा होईना. मलाही होईना, पण ज्येष्ठ सदस्य म्हणून मी मान डोलावली. आम्ही दोघे गाडीने पेणला गेलो. रामवाडीत दाजींचा गणपतीचा कारखाना आहे. शेडमध्ये रंगवलेले गणपती ओळीने बसले होते आणि शेवटाला सरू नावाची बाई त्यांना खोक्यात भरत होती. ती एकेक पान घेई, त्याचा बोळा करी आणि सोंडेखाली, कानामागे, पोटाशी दाबून बसवी. पाने ‘वाणिज्य-विमर्श’ची होती. एका उंदराला बाईंचे मिठागर गुंडाळलेले मी स्वतः पाहिले. बाईंनीही पाहिले.

“टिपनीस सर गठ्ठंच्या गठ्ठं धाडायचं,” दाजी सांगू लागले. “तुमचा कागद जाड. बाप्पाला चरा नाय पडत. आमचा माल पार अमेरिका, न्यूझीलंड, मॉरिशसला जातो. सतरा देश हायेत.”

आमचा आंतरराष्ट्रीय प्रसार असा प्रथमच समोर उभा राहिला. मला भरून आले.

“आणि यंदा?” बाईंनी विचारले.

“यंदा कागूद पुरला नाय. न्हावाशेव्याला पोचंपर्यंत सोंडा तुटल्या. आता गिऱ्हाइकाला काय सांगू? मॅडम लेख वाचतात म्हनून?”

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मी नोंद केली : ‘पत्रिकेची गुणवत्ता वाढल्यामुळे सोंडा तुटू लागल्या आहेत, तरी संपादकांनी याचा गांभीर्याने विचार करावा.’ ठराव एकमताने संमत झाला. बाई राजीनामा लिहायला बसल्या होत्या. तेवढ्यात ऑकलंडहून मेल आला.

मेल कोणा वैशालीताईंचा होता. त्या मूळच्या नागोठण्याच्या. बाप्पाबरोबर आलेले कागद कचऱ्यात कसे टाकायचे, म्हणून त्यांनी ते सरळ करून कपाटात ठेवले होते, आणि परवा सहज वाचले. त्यांनी लिहिले होते : ‘प्रा. फणसे यांचा लेख अतिशय आवडला. गावची आठवण येऊन रडू आले. मात्र माझ्याकडचे पान “मडक्याचे तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके” इथे संपते. मडके काय? उलटे ठेवायचे की सुलटे? आम्ही अंगणात जाळ केला आहे, पाहुणे बसले आहेत. पुढचे पान तातडीने पाठवावे.’

हेमांगीबाईंनी तो मेल तीनदा वाचला आणि पदराने डोळे टिपले. “वाचक, सर! आपल्याला वाचक मिळाला!”

लेख माझा होता, बाईंचा नव्हता, पण असल्या क्षुल्लक गोष्टींनी त्यांचा आनंद कमी झाला नाही. उत्तर मात्र पाठवता आले नाही. वाचकाला उत्तर कुणी द्यावे, याची आमच्या नियमावलीत तरतूद नव्हती. त्यासाठी उपसमिती नेमली आहे. तिची पहिली बैठक अजून व्हायची आहे.

बाईंनी राजीनामा फाडला आणि फर्मान काढले : यापुढे प्रत्येक लेखात माणसाला वाचावेसे वाटेल असे काहीतरी असलेच पाहिजे. मंडळी आधी खवळली, मग बढतीच्या धाकाने कामाला लागली. आणि काय सांगू, एकेक लेख फुलू लागला! वस्तू व सेवा कराच्या लेखात लेखकाच्या सासूने दागिन्यांवरून घातलेला वाद आला. सहकारी पतपेढ्यांच्या लेखात एक मॅनेजर लग्नाच्या आदल्या दिवशी पळून गेला, आणि तो कुणाबरोबर, हे तळटीपेत होते. माझी पोपटी तर पूर्ण छापली, मडक्यासकट. अंक चांगला जाडजूड झाला. प्राध्यापकपद मला हाताच्या अंतरावर दिसू लागले. शिमग्यानंतर गठ्ठे रामवाडीला रवाना झाले.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. “मॅडम, काम बंद पडला.”

आम्ही पुन्हा पेण गाठले. शेडमध्ये एकही बोळा होत नव्हता. पंधरा-वीस माणसे गणपतींच्या मधे मांडी घालून वाचत बसली होती. त्याहून भयंकर म्हणजे भरलेली खोकी उघडली जात होती.

“थांब गो, ते खोललास तं मिटव नको,” सरू दुसऱ्या बाईला ओरडत होती. “सासूनं पाटल्या कुठं लपवल्यान् ते त्या बाप्पाच्या पोटाला हाय!”

दाजी कपाळाला हात लावून बसले होते. “कंटेनर गेला माझा! मॅडम, हात जोडतो, मला पयल्यासारखा माल द्या. कोन वाचनार नाय आसा. येवढी शिकलेली मानसं तुम्ही, तुमाला येवढा पन जमत नाय व्हय?”

हे शब्द आम्हा सर्वांच्या जिव्हारी लागले. कंटेनर गेला म्हणजे सतरा देश गेले, सतरा देश गेले म्हणजे ‘अ’ श्रेणी गेली, आणि ‘अ’ श्रेणी नसलेल्या पत्रिकेतला लेख माझ्या काही कामाचा नव्हता. तातडीची सभा बसली. टिपणीस सरांनाही बोलावले.

हेमांगीबाईंनी पुढ्यातला जाडजूड अंक मिटला. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पण मग परीक्षण तरी खरं करूया.”

त्या दिवशी ठरलेली पद्धत आजही चालू आहे आणि दर्जा समितीने तिचे खास कौतुक केले आहे. प्रत्येक लेख आधी रामवाडीला सरूकडे जातो. तिने पान हातात घ्यायचे आणि बोळा करायचा. तिची नजर पहिल्या परिच्छेदापुढे गेली की लेख नामंजूर. पहिल्या परिच्छेदातच बोळा झाला तर तो दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. तो बाहेरचा आणि अनोळखी असावा लागतो. कसोटी तीच. पत्रिकेच्या इतिहासातले हे पहिले प्रामाणिक परीक्षण आहे. पद्धत तपासून पाहायला म्हणून बाईंनी सर्वांत आधी स्वतःचा मिठागरांचा लेख पाठवला. सरूने तो न बघताच बोळा केला. लेख सर्वोत्तम ठरला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी पोपटी काढून टाकून माझा लेख पाठवला. बोळा करता करता सरूला नाव दिसले. “फनसे? ह्यो पोपटीवाला काय?” असे म्हणून ती पान उलटून मडके शोधू लागली आणि माझा लेख पडला.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. शेवटचा उपाय म्हणून मी नाव न घालता हा नवा लेख लिहिला. ‘संशोधनपत्रिकेतील नेतृत्वबदल : एक अध्ययन’ हे त्याचे मूळ शीर्षक. बाईंनी परस्पर बदलले ते वर आहेच. पहिले वाक्य मुद्दाम सूत्रे, मावळते संपादक, सन्माननीय सदस्य आणि विधिवत असे सगळे कोंबून केले. युक्ती लागू पडली. सरूने ‘सूत्रे’ या शब्दापाशीच जांभई दिली आणि हा लेख एका गणपतीच्या कानामागे गेला. पहिला परीक्षक उत्तीर्ण! मी घरी पेढे आणून ठेवले.

आता सगळी भिस्त दुसऱ्या परीक्षकावर होती. बाहेरचा, अनोळखी माणूस. बढती, पाटीवरचे ते ‘प्रा.’, सारे काही त्याच्या कंटाळ्यावर अवलंबून होते. त्याने फक्त पहिल्या परिच्छेदात हा कागद खाली ठेवायचा होता. एरवी हातात आलेले सगळे तुम्ही असेच खाली ठेवता की नाही?

आणि आज नेमके इथपर्यंत वाचत आलात. लेख नामंजूर झाला आहे. पेढे मी शेजारी वाटून टाकतो. मडके उलटे ठेवायचे की सुलटे, ते मात्र आता तुम्ही वैशालीताईंनाच विचारा.